आधी चित्राची पाठ बघा

दिवाळीच्या तोंडावर घरं आवरायला काढली की माझ्या व्हॉट्सॲपवर चित्रांचे फोटो येऊ लागतात. माळ्यावरून निघालेलं, कपाटामागे सापडलेलं, वारलेल्या आत्याच्या खोलीतलं. खाली एकच प्रश्न असतो, "मॅडम, किती येतील?" चित्र नामवंताचं असेल तर उत्तराला फार वेळ लागत नाही. लिलावांचे जुने आकडे कोणालाही बघता येतात. निसर्गदृश्य किंवा व्यक्तिचित्र असेल तर घरच्यांना स्वतःलाच थोडाफार अंदाज असतो. पंचाईत होते ती अमूर्त चित्राची. त्यात काय आहे ते कळत नाही, कोणी काढलं ते माहीत नाही, आणि तरी टाकून द्यायला हात धजत नाही. कारण अशाच कुठल्याशा रंगांच्या थरांना कोट्यवधी रुपये आल्याची बातमी घरातल्या कोणीतरी वाचलेली असते.

चित्रांचं मूल्यांकन हा माझा व्यवसाय. वडिलांचं लालबागला फ्रेमचं दुकान होतं. त्यामुळे चित्र मागून बघायला मी लहानपणीच शिकले, पुढून बघायला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेल्यावर. लोकांना वाटतं, अमूर्त चित्र चांगलं की वाईट हे ज्याच्या त्याच्या आवडीवर असतं. किंमत मात्र सोन्याच्या भावासारखी कुठेतरी ठरलेली असते, फक्त जाणकाराला विचारायची खोटी. माझा अनुभव बरोबर उलटा आहे. चित्राचा दर्जा बऱ्याच खात्रीने सांगता येतो, त्याची कारणंही दाखवता येतात. अधांतरी असते ती किंमत, आणि चित्रकार अज्ञात असला की तिच्या पायाखाली काहीच उरत नाही. हे कसं, ते ठाण्याच्या एका कुटुंबाच्या चित्रावरून सांगते.

त्या घरच्या सुनेचे सासरे परळच्या एका गिरणीत हिशेबाच्या खात्यात होते. चाळीत शेजारच्या खोलीत एक सडाफटिंग चित्रकार राहायचा. त्याच गिरणीच्या डिझाइन विभागात तो कापडाचे नमुने काढायचा. चाळ सोडताना त्याने एक चित्र सासऱ्यांना दिलं. सासरे गेले, चित्र राहिलं. तीस बाय चाळीस इंचांचा कॅनव्हास, तैलरंग. बहुतेक भाग राखाडी, त्यातून डोकावणारा कावेचा रंग, आणि खालच्या अंगाला एक शेंदरी चौकोन. उजव्या कोपऱ्यात सहीसारखी एक वळलेली रेघ, जी कोणालाच वाचता आली नाही. चित्रकाराचं नाव विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, "नाव कुठलं गं? सगळे मास्तरच म्हणायचे."

त्यांच्या नातवाने मात्र अभ्यास करून ठेवला होता. वासुदेव गायतोंडे गिरगावच्या चाळीत वाढले, अमूर्त चित्रं काढायचे, फार बोलायचे नाहीत. मास्तरही फार बोलायचे नाहीत. "मॅडम, जुळतंय सगळं," तो म्हणाला.

या मुलाला हसण्यात अर्थ नाही. डिसेंबर २०१३मध्ये ख्रिस्तीज या संस्थेचा भारतातला पहिला लिलाव मुंबईत झाला. त्यात गायतोंड्यांच्या १९७९च्या एका चित्राचा अंदाज साडेसहा ते साडेआठ कोटींचा होता आणि ते २३ कोटी ७० लाखांना गेलं. २०१९मध्ये आयकर खात्याने नीरव मोदीकडची चित्रं लिलावात काढली, तेव्हा गायतोंड्यांचं १९७३चं चित्र २५ कोटींच्या वर पोहोचलं. २०२१मध्ये १९६१चं एक चित्र जवळजवळ ४० कोटींना विकलं गेलं. असा एकेक आकडा छापून आला की घराघरांतले राखाडी कॅनव्हास खाली उतरतात.

पाठीमागची कागदपत्रं

मी चित्र टेबलावर पालथं ठेवलं. समोरची बाजू चित्रकाराने आपल्याला दाखवायला केलेली असते. मागची बाजू सजवत कोणी बसत नाही, म्हणून तिथे माहिती जास्त मिळते.

पहिली गोष्ट म्हणजे लाकडी चौकट. सागवानाच्या पट्ट्या, कोपरे हाताने बसवलेले, कॅनव्हास लोखंडी चुकांनी ठोकलेला. प्रत्येक चुकेभोवती गंजाचं वर्तुळ पडलेलं. हल्लीचे तयार कॅनव्हास बहुधा स्टेपलच्या पिनांनी ताणलेले असतात. गंज कापडात मुरायला वर्षं लागतात आणि कापडाच्या धाग्यांतून तो ज्या तऱ्हेने पसरतो, तसा वरून लावलेला डाग दिसत नाही. कापड सुती, त्यावरचं पांढरं अस्तर हाताने दिलेलं, कडेला कुठे जाड तर कुठे विरळ. तयार कॅनव्हास परवडत नसलेल्या माणसाचं हे काम होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे फ्रेमवाल्याचं लेबल. दुकान दादरचं, पत्त्याच्या शेवटी बॉम्बे ४०० ०२८. आपल्याकडे पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाले. त्याआधी दादरच्या या भागाचं पत्र नुसत्या बॉम्बे २८वर पोहोचायचं. म्हणजे लेबल १९७२च्या नंतरचं. खाली टेलिफोन नंबर सहा आकडी, म्हणजे मुंबईतले नंबर सात आकडी होण्याच्या आधीचं. अर्थात लेबल सांगतं ते फ्रेमचं वय. चित्र त्याआधी कितीही वर्षं पडून असू शकतं.

तिसरी गोष्ट, वरच्या पट्टीवर पेन्सिलीने लिहिलेलं '७४'. असा आकडा कोणीही लिहू शकतो, म्हणून एकट्या आकड्यावर मी भिस्त ठेवत नाही. पण सासूबाईंना आठवत होतं की मास्तर चाळ सोडून गेले ते संपाच्या बरेच आधी, धाकटा मुलगा शाळेत जायला लागला त्या सुमारास. गिरण्यांचा मोठा संप जानेवारी १९८२मध्ये सुरू झाला. कापड, गंज, लेबल, पेन्सिल आणि म्हातारीची आठवण, पाचही गोष्टी सत्तरच्या दशकाकडे बोट दाखवत होत्या. यातली एकही पुरेशी नसते. पाचही एका बाजूला झुकल्या की मी अहवालात 'साधारण १९७४' असं लिहिते.

आणि इथेच नातवाचा तर्क कोसळला. गायतोंडे १९७२मध्ये दिल्लीला गेले आणि निजामुद्दीनला एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, राहू लागले. त्याआधीच १९७१मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली होती, १९६४मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कची वारी झाली होती. १९७४च्या सुमारास परळच्या चाळीत राहून गिरणीसाठी साड्यांचे काठ काढणारा माणूस तो हा असणं शक्य नाही. कामाची तऱ्हाही वेगळी. गायतोंडे रोलर आणि सुरीने रंगाचे थर देत आणि काढून घेत. या चित्रात सगळीकडे कुंचल्याच्या केसांचे ठसे दिसत होते. त्यांच्या कित्येक चित्रांच्या मागे देवनागरीत सही आणि साल असतं. इथे मागे नाव नव्हतंच. घरच्यांनी जी हकीकत पुरावा म्हणून सांगितली, तिनेच दावा खोटा पाडला. असं पुष्कळदा होतं. म्हणून मी हकीकत पूर्ण ऐकून घेते आणि मध्ये बोलत नाही.

मग मास्तर कोण? डाव्या कोपऱ्यात दुसऱ्या एका लेबलाचा तुकडा होता. कसरीने साल खाल्लेलं, क्रमांक शिल्लक, आणि 'आर्ट सोसायटी' एवढे शब्द. मुंबईत अशा दोन जुन्या संस्था आहेत. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ची आणि आर्ट सोसायटी ऑफ इंडिया १९१८ची. दोघींची वार्षिक प्रदर्शनं भरतात, सूचिपुस्तिका निघतात. त्या काळातल्या ज्या पुस्तिका हाती लागल्या त्या पाहिल्या. तो क्रमांक दरवर्षी वेगळ्याच माणसाच्या वाट्याला आलेला. नुसत्या क्रमांकावरून चित्राला नाव चिकटवणं मी टाळते. सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांनी संपादित केलेला शिल्पकार चरित्रकोशाचा दृश्यकला खंड अशा शोधात फार उपयोगी पडतो. मराठी मुलखातले कितीतरी विसरलेले चित्रकार त्यात सापडतात. मास्तर असतीलही त्यात. पण नाव माहीत नसलेला माणूस नावांच्या कोशात शोधणार कसा?

गिरणीत नमुने काढणारा म्हणजे दुय्यम चित्रकार, असं मात्र कोणी समजू नये. त्या काळी जी. डी. आर्ट ही कलेची पदविका घेऊन बाहेर पडलेल्यांना पोटासाठी जाहिरात कंपन्या, शाळेतला ड्रॉइंगचा तास किंवा कापड हेच रस्ते होते. प्रभाकर बरवे वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरीला होते. अकोल्याचे अंबादासही त्याच संस्थेत होते, पुढे ते नॉर्वेला गेले. फरक इतकाच की त्यांची चित्रं प्रदर्शनांत लागत राहिली, कोणी विकत घेतली, कोणी त्यांच्यावर लिहिलं. मास्तरांच्या वाट्याला यातलं काय आलं, ते कसरीने खाल्लं.

आता पुढून

अमूर्त चित्र बघताना 'हे तर माझं पोरगंही काढेल' हे वाक्य कानावर पडतंच. त्याच्या पाठिंब्याला एक किस्साही आहे. १९६४मध्ये स्वीडनमधल्या योतेबोर्ग शहरात एका पत्रकाराने 'पिएर ब्रासो' या बनावट नावाने चिंपांझीची चित्रं प्रदर्शनात लावली आणि एका समीक्षकाने त्यांची तारीफ केली. किस्सा खरा आहे. पण २०११मध्ये अँजेलिना हॉली-डोलन आणि एलन विनर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी हीच गोष्ट रीतसर तपासली. नावाजलेल्या अमूर्त चित्रकारांची चित्रं आणि लहान मुलांची किंवा प्राण्यांची चित्रं जोडीजोडीने लोकांपुढे ठेवली, काही वेळा मुद्दाम नावांची अदलाबदल करून. कलेचं शिक्षण नसलेल्यांनीही साधारण साठ ते सत्तर टक्के वेळा चित्रकाराचं चित्र सरस ठरवलं. नुसता छापा-काटा असता तर आकडा पन्नासच्या आसपास राहिला असता. म्हणजे हेतुपूर्वक केलेलं काम सामान्य डोळ्यालाही बऱ्यापैकी ओळखू येतं. माझा धंदा त्या डोळ्याला थोडी शिस्त लावण्याचा आहे.

मी सुरुवात कडांपासून करते. हौशी माणूस मध्यभाग रंगवतो आणि कडेला जाईपर्यंत त्याचा जीव संपतो. शिकलेला माणूस चारही कडांचा विचार करतो, कारण चित्र कुठे संपतं हा त्याच्यासाठी महत्त्वाचा निर्णय असतो. मास्तरांच्या तीन कडा पक्क्या होत्या. डावी कड ढिली होती. वरच्या बाजूला रंग पातळ पडून अस्तर दिसत होतं, आणि ते मुद्दाम ठेवलेलं वाटत नव्हतं. तिथे त्यांना काय करावं हे सुचलं नसावं.

मग चित्र उलटं धरते. अमूर्त चित्र कसंही टांगलं तरी चालतं, हा गैरसमज आहे. हॉटेलांच्या लॉबीत लावायला घाऊक भावात बनणाऱ्या चित्रांचं चालतं, कारण त्यांत कुठे वजन ठेवलेलंच नसतं. मास्तरांचं चित्र उलटं धरल्याबरोबर शेंदरी चौकोन वर जाऊन लोंबकळू लागला आणि राखाडीचा सगळा तोल गेला. सरळ केलं तसा चौकोन पुन्हा आपल्या जागी बसला. तो मधोमध नव्हता, मध्यापासून दोन-अडीच इंच उजवीकडे होता, आणि तिथेच असायला हवा होता.

त्यानंतर मोबाइलची बॅटरी एका बाजूने, कॅनव्हासला जवळजवळ समांतर धरते. पृष्ठभागावरचे उंचवटे सावल्या टाकतात आणि रंगाखाली काय घडलं ते दिसू लागतं. इथे राखाडीच्या खाली एक उभा आकार होता. आधी रंगवलेला, मग सुरीने खरवडलेला, मग झाकलेला. म्हणजे मास्तरांनी चित्र एकदा संपवलं, बघितलं, नापसंत केलं आणि परत काढलं. शिवाय ती राखाडी काळ्या-पांढऱ्याच्या मिश्रणाची नव्हती. निळा आणि काव एकमेकांत मुरवून ती केलेली होती, म्हणून दिवसा ती थंड दिसायची आणि पिवळ्या दिव्याखाली उबदार.

भिंग सर्वांत शेवटी. हल्ली कॅनव्हासवर छापलेल्या प्रतीवर पारदर्शक जेल फासून कुंचल्याचे फटकारे उठवतात. लांबून भले भले फसतात. भिंगाखाली छपाईचे बारीक ठिपके दिसले की विषय संपतो. इथे ठिपके नव्हते.

माझा निष्कर्ष मी घरच्यांना सांगितला. चित्र शिकलेल्या हाताचं आहे, प्रामाणिक आहे, रंगाची समज वरच्या दर्जाची आहे. पण पूर्ण स्वतंत्र नाही. त्या काळात मुंबईत अमूर्त काम करणाऱ्या अनेकांवर जो प्रभाव होता, तो इथेही दिसतो. शंभरात ते पहिल्या वीसांत बसेल, पहिल्या पाचांत नाही. हे मी कोणाही जाणकारासमोर, चित्रावर बोट ठेवून सिद्ध करू शकते.

प्रकृतीचा तपास उरला होता. अतिनील किरणांची टॉर्च टाकली की जुनं व्हार्निश हिरवट चमकतं आणि नंतर केलेली डागडुजी काळसर डागासारखी उठून दिसते. डागडुजी नव्हती. व्हार्निश मात्र मधूनमधून पुसलं गेलेलं. सासूबाईंनी खुलासा केला, "दर दिवाळीला कापलेला बटाटा फिरवायचो की त्याच्यावर." बटाट्यातला ओलावा आणि पिष्ट मागे राहतं आणि मुंबईच्या पावसाळ्यात त्यावर बुरशीची मेजवानी होते. खालच्या पट्टीला ती लागलेली होती. रंगाला बारीक भेगा होत्या, पण पोपडे सुटलेले नव्हते. हे सगळं दुरुस्त होण्यासारखं होतं.

आकडा कुठून येतो

आपल्याकडे चित्रांचा भाव बहुतेक चौरस इंचावर बोलला जातो. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटतं, पण गॅलऱ्यांत हीच रीत आहे. एखाद्या चित्रकाराचा दर ठरतो तो त्याच्या आधीच्या विक्रीवरून, आणि प्रदर्शनागणिक तो थोडा थोडा चढवला जातो. मास्तरांच्या चित्राचं क्षेत्रफळ १,२०० चौरस इंच. दर वीस रुपये धरला तर २४ हजार, दोनशे धरला तर २ लाख ४० हजार, दोन हजार धरला तर २४ लाख. कॅनव्हास तोच. दर कोणता धरायचा हे सांगणारी एकही आधीची विक्री नव्हती.

त्यातही एक बारकावा आहे. गॅलरीतून पहिल्यांदा विकलं जाणं ही एक गोष्ट आणि विकत घेतलेलं चित्र दुसऱ्याने पुन्हा विकत घेणं ही दुसरी. हयात चित्रकारांची शेकडो चित्रं प्रदर्शनांत विकली जातात. त्यांतल्या फार थोड्यांना दुसरा गिऱ्हाईक भेटतो. बाजार खरा तयार होतो तो या दुसऱ्या विक्रीपासून. तिथे पोहोचायला मागे कोणीतरी उभं लागतं. गॅलरी, समीक्षक, संग्रहालय, निदान एखादं पुस्तक. गायतोंड्यांची चित्रं त्यांच्या हयातीत आजच्या आकड्यांच्या आसपासही विकली गेली नाहीत. ते २००१मध्ये गेले. २०१४मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं, आणि मराठीत सतीश नाईक यांच्या 'चिन्ह' प्रकाशनाने त्यांच्यावर भलामोठा ग्रंथ काढला. त्या काळात चित्रांवरचा रंग बदलला नव्हता.

किंमत नावाला किती घट्ट चिकटलेली असते, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. नोडलर ही १८४६पासूनची गॅलरी. तिथून अनेक वर्षं रॉथको, पोलॉक, मदरवेल अशा बड्या अमूर्त चित्रकारांची, आजवर कोणी न पाहिलेली चित्रं विकली जात होती. प्रत्यक्षात ती क्वीन्समध्ये राहणारा पेइ-शेन चिएन नावाचा चिनी स्थलांतरित आपल्या गॅरेजमध्ये काढत होता. त्याच्या हातात एका चित्राचे फार तर काही हजार डॉलर पडायचे. पुढे त्यांतला एक 'रॉथको' ८३ लाख डॉलरना गेला, एक 'पोलॉक' १ कोटी ७० लाखांना. पोलॉक १९५६मध्ये वारला. तपासणीत त्या चित्रातली काही पिवळी रंगद्रव्यं त्याच्या मृत्यूनंतर बाजारात आलेली निघाली. आणखी एका चित्रावर तर सहीतलं पोलॉक हे नावच चुकीचं लिहिलेलं होतं. सगळा व्यवहार मिळून सुमारे ८ कोटी डॉलरचा. २०११मध्ये गॅलरी बंद पडली. एकच कॅनव्हास, एकच हात. सकाळी किंमत कोटींत आणि संध्याकाळी शून्य. चिएन चांगला चित्रकार होता, हे मात्र त्या सगळ्या प्रकरणात कोणी नाकारलं नाही.

याच्या उलटं उदाहरण टेरी हॉर्टन या ट्रकचालक बाईंचं. कॅलिफोर्नियातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात त्यांनी पाच डॉलरना एक शिंतोड्यांचं चित्र घेतलं. ते पोलॉकचं असावं असं कोणी सुचवल्यावर त्या अखेरपर्यंत त्यासाठी भांडल्या. ९० लाख डॉलरची मागणीही त्यांनी नाकारली असं सांगतात. २०१९मध्ये त्या वारल्या, चित्र विकलं गेलं नव्हतं. पोलॉकच्या घरापासून त्या दुकानापर्यंत ते कसं आलं, हे दाखवणारा एकही कागद त्यांच्याकडे नव्हता.

म्हणूनच माझ्या अहवालात एका चित्राला एकच आकडा नसतो. मास्तरांच्या चित्रासाठी मी तीन लिहिले. घाईने विकायचं तर दोन-तीन हजार, म्हणजे चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवरचा दुकानदार सागवानी फ्रेमचे देईल तेवढे. घेणाऱ्याला घाई नाही आणि विकणाऱ्यालाही नाही, अशा खुल्या व्यवहारात १५ ते २५ हजार. या दर्जाचं काम, पण फारसं नाव नसलेल्या चित्रकारांचं, भाड्याने मिळणाऱ्या दालनांमधल्या प्रदर्शनांत ज्या दराने जातं त्याच्या आधाराने. आणि विम्यासाठी ४० हजार, कारण चित्र नष्ट झालं तर तशाच तोडीचं दुसरं गॅलरीतून पूर्ण भावाने आणावं लागेल. प्रत्येक आकड्याखाली तो कोणत्या कामासाठी आहे आणि कोणत्या तारखेचा आहे, हे लिहिते. 'मूल्य ४० हजार' एवढंच लिहिलेला कागद घेऊन कोणी विकायला निघाला तर तो फसणार.

सून जरा खट्टू झाली. नातू म्हणाला, "पण मॅडम, तुम्हीच म्हणालात ना, चित्र चांगलं आहे?" चांगलं आहेच. त्याच्या चांगलेपणाचे पैसे द्यायला अजून कोणी उभं राहिलेलं नाही, एवढंच. उद्या कोणाला मास्तरांची आणखी वीस चित्रं सापडली, नाव कळलं, कोणी त्यांचं प्रदर्शन भरवलं, तर माझे तिन्ही आकडे रद्द होतील. चित्राच्या दर्जाविषयी लिहिलेला परिच्छेद मात्र जसाच्या तसा राहील.

कायद्याचं थोडं

त्या घरची लेक न्यू जर्सीला असते, तिला चित्र न्यायचं होतं. नेता येईल. १९७२च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या चित्रांची आणि रवि वर्मा, अमृता शेरगिल, रवींद्रनाथ टागोर अशा ठरावीक नऊ कलावंतांच्या कामांची निर्यात रोखली आहे. मास्तरांचं चित्र दोन्हींत बसत नाही.

विकलं तर कर आहे. चित्रं पूर्वी घरगुती चीजवस्तूंत मोजली जायची. २००७च्या अर्थविधेयकापासून ती भांडवली मालमत्ता झाली. वारशाने आलेल्या जुन्या चित्रासाठी १ एप्रिल २००१ची बाजारकिंमत खरेदीची किंमत म्हणून धरता येते, त्यामुळे आमच्याकडे त्या एका तारखेचं मूल्यांकन मागायला पुष्कळ लोक येतात.

आणि चित्र तुमच्या मालकीचं असलं, तरी ते कॅलेंडरवर किंवा चादरीवर छापण्याचा हक्क आपोआप तुमचा होत नाही. तो चित्रकाराचा, आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं वारसांचा.

तुमच्याही घरी असं एखादं चित्र असेल तर माझं सांगणं थोडकं आहे. ते पुसू नका, ना ओल्या फडक्याने, ना बटाट्याने. न्हाणीघराच्या भिंतीवरून आणि उन्हातून काढा. जुनी फ्रेम बदलली तरी तिच्यावरचं लेबल, बिल, मागची चिठ्ठी फेकू नका. पुढून, मागून आणि सहीचा जवळून फोटो काढून ठेवा. मूल्यांकन करणाऱ्याला आधी त्याची फी विचारा. चित्राच्या किमतीवर टक्का मागणारा आणि 'मीच घेतो' म्हणणारा, दोघांनाही चहा देऊन परत पाठवा; आकडा चढला किंवा उतरला की त्यांचा फायदा होतो. आणि घरात कोणी ऐंशीच्या पुढचं माणूस असेल तर चित्र कोणी दिलं, कधी, कुठल्या पत्त्यावर, हे आजच विचारून कागदावर उतरवा आणि त्यावर त्यांची सही घ्या. हा कागद माझ्या भिंगापेक्षा आणि टॉर्चपेक्षा जास्त कामाचा आहे, आणि तो मला तयार करता येत नाही.